सातव्या फासळीचे टाके

थोरलीला कुणी विचारलं, "तुम्ही नोकरीत काय करायचात?" तर ती सरळ सांगायची, "विमानं शिवायचे." आणि मग समोरच्याचं तोंड बघत बसायची. तिला त्यात फार मजा वाटायची. लोकांना वाटे, बाई चेष्टा करतेय, नाहीतर वयाने थोडी सरकलीय. विमान म्हणजे काय उशीचा अभ्रा आहे शिवायला? पण बाई एक अक्षर खोटं बोलत नव्हती.

तिचे वडील लष्कराच्या विमानदुरुस्तीच्या कारखान्यात कापडखात्यात होते. त्या काळी नव्या वैमानिकांना शिकवायची विमानं म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. कापडावर डोप म्हणतात ते उग्र वासाचं रोगण चढवलं की ते टणटणीत व्हायचं. पण नुसतं ताणून भागत नाही. विमान वर गेलं की हवा पंखावरचं कापड ओढायला बघते, म्हणून ते आतल्या लाकडी फासळ्यांना टाके घालून बांधावं लागतं. एका फासळीला सतरा टाके. हे काम एकट्याचं नव्हेच. पंख त्याच्या लांब कडेवर, स्टँडमध्ये उभा करायचा, एक माणूस ह्या बाजूला, एक पलीकडे. ह्या बाजूच्याने दीड वीत लांब सुई फासळीच्या उजवीकडून आरपार घालायची, पलीकडच्याने ती ओढून डावीकडून परत पाठवायची. परत आली की दोरा खेचायचा आणि गाठ मारायची.

मधे पंख, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. बेसावध राहिलं तर सुई डोळ्यातच जायची. म्हणून वडिलांचा नियम होता. सुई घालणाऱ्याने ओरडायचं, "आली!" पलीकडच्याने धरली की म्हणायचं, "घेतली!" मगच हात सोडायचा.

कापडखात्याची शेड कामगारांच्या घरांना लागूनच होती. शाळा सुटली की थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी, दप्तरं टाकून तिकडेच पळायच्या. नियमात बसत नव्हतं, पण वडिलांच्या साहेबाला स्वस्तात चार हात मिळत होते, तो कशाला बोलतोय! थोरली गाठीच्या बाजूला, पाच वर्षांनी लहान असलेली धाकटी पलीकडे. अंधार पडेपर्यंत "आली गं!" "घेतली गं!" चालायचं. मधेच धाकटी सुई अडकवून ठेवायची आणि म्हणायची, "आधी गोष्ट सांग, मग सोडते." थोरली शिव्या घालत गोष्ट सांगायची.

वडील गाठीच्या बाबतीत मात्र कसाई होते. गाठीला दोन विळखे हवेत. एका विळख्याची गाठ दिसते हुबेहूब तशीच, पण दोरा कुठे तुटला की ओळच्या ओळ उसवत जाते. दुहेरी गाठ जागची हलत नाही. मेण लावलेला दोरा दुसऱ्या विळख्याला असा करकचून ओढावा लागतो की पहिल्या बोटात चीर पडते. वडील संध्याकाळी थोरलीचं बोट बघायचे. चीर नसली की सगळी ओळ उसवायला लावायचे. म्हणायचे, "वर गेल्यावर शिंप्याला हाक मारता येत नाही."

पुढे कापडाची विमानं गेली, पत्र्याची आली. दोघी बहिणी मोठ्या प्रवासी विमानांच्या कारखान्यात शिलाईखात्यात लागल्या. खुर्च्यांचे अभ्रे, कमरेचे पट्टे, पडदे, पाण्यात तरंगायची जाकिटं. जिथे दोनशे-तीनशे माणसं बसणार तिथे शिवायला काय कमी असतं! थोरली इतकी काटेकोर की तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. आयुष्यात एकदाच ती विमानात बसली, तेव्हा खिडकी मिळूनही बाहेर बघितलं नाही. सगळा वेळ पुढच्या खुर्चीच्या अभ्र्याची शिवण तपासत होती. उतरताना हवाईसुंदरीला सांगून आली, "चौदाव्या रांगेत मधली खुर्ची, डावा कोपरा. दोरा सुटायला लागलाय."

धाकटी शिकत गेली, परीक्षा दिल्या आणि तपासनीस झाली. इथेच माशी शिंकली.

तेरा वर्षांपूर्वी थोरलीच्या टेबलावरून जाकिटांचा एक गठ्ठा धाकटीकडे तपासायला गेला. धाकटीने एका जाकिटाचा पट्टा ओढला, तो हातात आला. दुसरा ओढला, तोही आला. तिने चाळीसच्या चाळीस जाकिटं बाजूला काढली, रीतसर कागद भरला आणि सही केली. अख्ख्या खात्यासमोर मास्तरीणबाईंचे टाके सख्ख्या बहिणीने उसवले. साहेबांनी थोरलीला जाकिटांवरून काढून पडद्यांवर बसवलं आणि निवृत्त होईपर्यंत ती पडदेच शिवत राहिली.

थोरलीने सगळ्यांना सांगितलं, "दोराच खराब होता. आणि ती मेली लहानपणापासून माझ्यावर जळते." त्या दिवसात नवरा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता, ती रात्रभर त्याच्या उशाशी बसून सकाळी कामावर यायची आणि हात नुसते चालत होते, हे तिने कुणालाच सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा नाही. महिन्याभरात नवरा गेला. धाकटी आली, दारात उभी राहिली. थोरलीने मान वर केली नाही. धाकटी अर्धा तास तशीच उभी राहून निघून गेली, आणि त्यानंतर दोघींनी एकमेकींचं नाव टाकलं.

तर अशा ह्या दोघींच्या घरी, एकाच दिवशी, कारखान्याचे मुख्य इंजिनीअर जाऊन थडकले. हा गृहस्थ एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर ठेवून फिरायचा आणि तिसरा शोधत असायचा. कुठल्याशा गोदामात पडलेलं जुनं दुपंखी लष्करी विमान त्याने आणलं होतं आणि त्याला ते पुन्हा उडवायचं होतं. सांगाडा नीट झाला, इंजिन सुरू झालं, एका फाटलेल्या पंखावर नवं कापडही चढलं. घोडं अडलं ते टाक्यांवर. जुन्या नकाशांत गाठीचं चित्र होतं, पण चित्र बघून कुणाला पोहता येतं का?

थोरलीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "येते. पण तिच्याशी बोलणार नाही."

"त्यासुद्धा अगदी हेच म्हणाल्या," इंजिनीअर म्हणाला आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढून घाम पुसू लागला.

झालं, काम सुरू झालं. शेडच्या उघड्या दारातून बाजूच्या धावपट्टीवरची मोठाली विमानं दिसायची, आणि आत हा पंख कडेवर उभा, ह्या बाजूला एकोणसत्तर वर्षांची थोरली, पलीकडे चौसष्टची धाकटी. बोलायचं तर नाही. मग "आली" कसं सांगणार? पहिल्याच टाक्याला थोरलीने नखाने कापडावर टिचकी मारली. जरा वेळाने पलीकडून टिचकी आली. ठरलं! हात मात्र काहीच विसरले नव्हते. सुई जायची, यायची, जायची, यायची. बघणाऱ्याला वाटावं ह्या बायका कालच इथून उठून गेल्या असतील.

बोलायची वेळ आलीच तर कॅप्टनबाई होत्या. एरवी त्या प्रवासी विमान चालवायच्या, पन्नाशीला आलेल्या, भरदार आवाजाच्या. हे जुनं विमान पहिल्यांदा वर नेणार होत्या त्याच. सुट्टीच्या दिवशी चहाचा थर्मास घेऊन शेडमध्ये येऊन बसायच्या.

"त्यांना सांगा," थोरली म्हणायची, "कापड ताणायचंय, फाडायचं नाही."

"ताई, त्या चार पावलांवर आहेत. त्यांना ऐकू गेलं."

"तरी सांगा."

पलीकडून धाकटी म्हणायची, "कॅप्टनबाई, त्यांना म्हणावं, चाळीस वर्षं शिवतेय मी, आजच नाही आले."

कॅप्टनबाई हसून हसून चहा सांडायच्या. एकदा सहज म्हणाल्या, "ताई, माझी आई विचारत होती, इतकं जुनं विमान, धोका नाही ना? मी म्हटलं, इंजिनाचं सांगता येत नाही, पण पंख ज्यांनी शिवलाय त्यांच्या हातांवर मी डोळे मिटून बसेन." थोरलीला एवढा आनंद झाला की तिने तो लपवायला दोरा उगाचच तीनदा मेणावरून ओढला.

पण तिच्या मनात एक खोट होती. तिचा डावा डोळा पार गढूळ झाला होता. मोतीबिंदू. डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं आणि ते तिने घरी कुणाला कळू दिलं नव्हतं. इथे सांगावं तर हातातलं काम जाणार. आणि गाठीच्या बाजूला कोण येणार? धाकटी! नको रे बाबा. तिने ठरवलं, डोळ्यांचं काय घेऊन बसलात, गाठ बोटांनी मारतात. आणि खरंच, सहा फासळ्या तिने बोटांनी बिनचूक बांधल्या.

सातवी, शेवटची फासळी शनिवारी दुपारी झाली. पांढरं कापड, पांढरा दोरा, दारातून येणारं ऊन, डोळ्याला धार लागलेली. सतरावा टाका बांधून तिने दोरा कापला आणि कॅप्टनबाईंना म्हणाली, "त्यांना सांगा, पट्ट्या त्यांनी लावून घ्याव्यात. मी जाते. डोपच्या वासाने डोळे चुरचुरतायत." टाक्यांवर डोप लावून कापडाची पट्टी चिकटवायची असते. सोमवारी इंजिनीअर वरवर बघणार आणि पंख रंगाला जाणार. एकदा रंग चढला की टाके जन्मात कुणाला दिसत नाहीत.

घरी आल्यावर सून नको नको म्हणत असताना ती चार भांडी विसळायला बसली. रोज ह्या वेळी साबणाचं पाणी लागलं की बोटातली चीर चरचरायची आणि ती एक सुस्कारा सोडायची. आज काहीच झालं नाही. तिने हात पाण्यातून काढला, दिव्याखाली धरला, उजव्या डोळ्याजवळ नेला. कालची चीर भरत आली होती. आजची चीरच नव्हती.

 सतरा गाठी मारल्या आणि बोट कापलं नाही? म्हणजे दुसरा विळखा पडलाच नव्हता. पडला असता तर बोटाने सांगितलं असतं. वडील असते तर नुसतं बोट बघून म्हणाले असते, उसव.

"आई, काय झालं?" सुनेने विचारलं.

"काही नाही. भांडी घासतेय."

खरं सांगायचं तर त्या एका क्षणी तिच्या मनात आलं, गप्प बसावं. सहा फासळ्या तर पक्क्या आहेत. एक ओळ सैल राहिली म्हणून काय आभाळ कोसळणार? आणि सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? डोळा गेलाय, तो लपवला, आणि मास्तरीणबाईंचे टाके पुन्हा एकदा सैल निघाले. तेही धाकटीसमोर! ती काय म्हणेल? काही म्हणणार नाही, नुसती बघेल. ते बघणं थोरलीला मरणाहून वाईट वाटत होतं. पण मग कॅप्टनबाईंचा तो भरदार आवाज आठवला. डोळे मिटून बसेन, म्हणाली होती ती बया. थोरलीने हात पुसले आणि मनाशी म्हटलं, उद्या सकाळी जाऊन पट्टी सोलते, ओळ उसवते आणि सोमवारी साहेबांसमोर उभी राहते. मग कोणाला बघायचं ते बघू दे.

रविवारी कारखान्याला सुट्टी. पहारेकऱ्याने तिला ओळखलं, म्हणाला, "आज दोघींनाही चैन पडत नाही वाटतं." तिला काही उमगलं नाही. शेडपाशी आली तर दार किलकिलं होतं. ती आत शिरली आणि दाराआडच थांबली.

पंख उभा होता. सातव्या फासळीवरची पट्टी सोललेली होती, जुना दोरा जमिनीवर पडला होता. आणि पंखाच्या खालून दोन पाय दिसत होते. धाकटीचे. मान खाली घालून धाकटी ह्या बाजूला आली, थांबली, मग तशीच लंगडत पंखाच्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेली.

थोरलीच्या डोक्यात रक्त चढलं. पुन्हा! पुन्हा ही माझे टाके उसवायला बसली! आता कागद भरेल, सही करेल, उद्या सगळ्यांसमोर मांडेल. ती तरातरा पुढे निघाली. आणि तिला ते ऐकू आलं.

"आली," धाकटी स्वतःशीच पुटपुटत होती. मग गुडघा धरून पंखाला वळसा. दम खात, "घेतली." सुई परत घातली. "आली." पुन्हा वळसा. "आई गं… घेतली." मग खेचून गाठ. एका टाक्याला दोन फेऱ्या. सतरा टाक्यांना चौतीस. आणि धाकटीचा उजवा गुडघा तर जिना चढतानासुद्धा दुखायचा.

कागद कुठेच नव्हता. पेनही नव्हतं. आसपास कुणी नसताना, सुट्टीच्या दिवशी, ही बाई थोरलीचे टाके गुपचूप दुरुस्त करत होती. कुणाला कळू नये म्हणून. थोरलीलासुद्धा कळू नये म्हणून.

  थोरलीने वहाणा काढल्या आणि आवाज न करता ती पलीकडच्या बाजूला गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्या बाजूला उभी होती. गाठी मारायची बाजू कायम तिची, आणि पलीकडची धाकटीची.

"आली," धाकटी पुटपुटली. कापडातून सुईचं टोक बाहेर आलं. धाकटीचे पाय वळून निघाले.

थोरलीने सुई धरली. "घेतली गं."

पाय थांबले. 

"ताई?"

"मग काय पंख बोलतोय?"

"तू कशाला आलीस?"

"तू कशाला आलीस त्याचसाठी. गाठी माझ्या, निस्तरायला मीच येणार ना?" थोरलीचा आवाज चढला. "काल पट्टी लावताना बघितलंस, तर तेव्हाच सांगायचं नाही? तपासनीस म्हणे! असं लपूनछपून करतात का तपासनीस?"

पलीकडून उत्तर आलं ते अगदी हळू. "एकदा सांगितलं होतं, ताई. तेरा वर्षं गेली."

   थोरलीने सुई फासळीच्या दुसऱ्या बाजूने बोटाने चाचपून आत घातली, पण सोडली नाही. लहानपणी धाकटी अडवायची तशी धरून ठेवली.

"त्या जाकिटांचे टाके सैलच होते," ती म्हणाली. "दोरा चांगला होता. मीच शुद्धीवर नव्हते. तू बरोबर केलंस. ऐकलंस?"

"ऐकलं."

"आणि ते दारात आलीस तेव्हा… मी वर बघायला हवं होतं. माझं चुकलं गं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडतेस?"

"छे. डोपचा वास."

"हं. मलाही काल तोच आला होता. डावा डोळा गेलाय माझा."

"ठाऊक आहे. परवा चहाचा कप म्हणून मेणाची डबी उचललीस. सुई सोड आता."

"गाठी तूच मार ह्यापुढे," थोरली म्हणाली. "बोट कापेपर्यंत ओढ. आणि उद्या साहेबांना मी सांगणार, सगळं. लपवून घातलेला टाका हा टाका नव्हे." आणि मोठ्याने ओरडली, "आली!"

"घेतली!"

सोमवारी इंजिनीअरने सगळं ऐकलं, दोन्ही चष्मे एकावर एक चढवून सातवी फासळी टाका टाका तपासली, मग बाकीच्या सहाही पट्ट्या सोलायला लावल्या. त्या गाठी पक्क्या निघाल्या. ह्या भानगडीत उड्डाण तीन आठवडे पुढे गेलं. कॅप्टनबाईंना कळलं तेव्हा त्यांनी थोरलीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आता तर नक्कीच डोळे मिटून बसेन." थोरलीने त्यांना झापलं की विमान चालवताना डोळे उघडे ठेवत जा.

उड्डाणाच्या दिवशी दोघी बहिणी धावपट्टीच्या कडेला बाकावर बसल्या होत्या. थोरलीचं डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारवर आलं होतं. विमान धडधडत गेलं, उचललं आणि ऊन लागून तिच्या नजरेतून पुसलं गेलं. तिला फक्त आवाज येत होता.

"पंख?" तिने विचारलं.

"नीट आहे."

"कापड फडफडतंय?"

"नाही गं. बस ना गप्प."

 धाकटीचा हात थोरलीच्या मांडीवर होता आणि त्या हाताच्या पहिल्या बोटावर चिरेचा वण होता, तो ती अंगठ्याने चाचपत राहिली. आवाज लांब गेला, फिरला, मग मोठा मोठा होत आला. चाकं जमिनीला लागल्याचा धप्प आवाज झाला तसं धाकटीने तिचं मनगट घट्ट आवळलं.

"आली गं, ताई."

थोरलीला जे म्हणायचं होतं ते तिने इतक्या जोरात म्हटलं की पलीकडे उभा असलेला इंजिनीअर दचकून वळला आणि त्याच्या कपाळावरचा चष्मा खाली पडला.